सेंट्रल पार्कमधला लेडीज पॅव्हिलियन : ट्रामथांब्यावरून तळ्याकाठी

हडसनकाठ

न्यूयॉर्क बघायला आलेली आपली मंडळी सेंट्रल पार्कमध्ये बहुतेक वेळा बेथेस्डाचं कारंजं, बो ब्रिज आणि स्ट्रॉबेरी फील्ड्स एवढं पाहून परततात. स्ट्रॉबेरी फील्ड्सवरून तळ्याच्या पश्चिम काठाने थोडं उत्तरेला गेलं, की पंचाहत्तराव्या रस्त्याच्या आसपास उजव्या हाताला एक पायवाट झाडीत शिरते आणि पाण्यात घुसलेल्या खडकापाशी संपते. या टोकाला हर्न्सहेड म्हणतात. तिथे झाडांच्या आड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक छोटा निवारा उभा आहे. चारी बाजूंनी मोकळा, सडपातळ खांब, खांबांच्या माथ्याशी नक्षीदार कंस, वर उतरतं छप्पर आणि आत बसायला बाकं. हा लेडीज पॅव्हिलियन. धागा त्याच्यासाठीच काढला आहे, कारण त्याच्याबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळालं नाही.

हा निवारा मुळात इथला नाही. १८७१ च्या सुमाराला तो बागेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर, आठवा अॅव्हेन्यू आणि एकोणसाठावा रस्ता मिळतात तिथे, म्हणजे आजच्या कोलंबस सर्कलपाशी उभा राहिला. तेव्हा या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्राम होत्या. ट्रामची वाट पाहणाऱ्यांना ऊनपाऊस लागू नये, म्हणून ही जागा केली. पुढे त्या कोपऱ्यावर ‘मेन’ या अमेरिकी युद्धनौकेचं स्मारक करायचं ठरलं. १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात स्फोट होऊन ही बोट बुडाली होती आणि त्यात अडीचशेहून जास्त नौसैनिक गेले होते. स्मारकाचं अनावरण १९१३ मध्ये झालं. त्यासाठी आमचा ट्रामथांबा उचलून तळ्याकाठी आणून ठेवला.

वास्तुकार जेकब रे मोल्ड. या माणसाचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. सेंट्रल पार्क म्हटलं की ओल्मस्टेड आणि व्हॉक्स हीच जोडी पुढे येते. १८५८ ची स्पर्धा जिंकणारा आराखडा त्यांचाच, त्यात वाद नाही. पण बागेतलं जे डोळ्यांत भरतं ते बरंचसं मोल्डचं आहे : बेथेस्डा टेरेसच्या दगडी जिन्यांवरचे पक्षी, फळं, ऋतू, तिथल्या आर्केडचं, म्हणजे कमानींच्या दालनाचं, फरशांचं छत, आणि व्हॉक्सबरोबर केलेला बेल्व्हेडिअर हा छोटा किल्ला. मोल्ड मूळचा इंग्लंडचा, जन्म १८२५ चा. तरुणपणी ओवेन जोन्सच्या हाताखाली होता. जोन्सने स्पेनमधल्या अल्हाम्ब्राची नक्षी रेघ न् रेघ टिपून काढली होती, रंग आणि भूमितीचं वेड मोल्डला तिथून लागलं. १८५० च्या दशकात तो न्यूयॉर्कला आला. ट्रामथांब्यासारख्या साध्या कामालाही या माणसाने तोच हात लावला, हे मला सगळ्यात भावतं. वाट बघत बसलेल्या कुठल्याही माणसाच्या डोक्यावर सुंदर छप्पर असावं, असं कुणाला तरी वाटलं आणि त्याने ते केलं.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा निवारा तोडफोडीत आडवा झाला. त्या काळात बागेची एकूणच दशा वाईट होती. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या दारात उभं होतं, बागांवर खर्च करायला पैसा कुठून येणार? तरीही १९७९ मध्ये पॅव्हिलियन दुरुस्त करून पुन्हा उभा केला. आज बागेची व्यवस्था पाहणारी सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी त्यानंतर, १९८० मध्ये स्थापन झाली.

जागा बदललेली, एकदा कोसळलेला, मग पुन्हा जुळवलेला. असा निवारा ‘जुना’ म्हणायचा का? मी म्हणते. ज्या कामासाठी तो केला ते काम तो आजही करतो. तिकीट नाही, फाटक नाही, कुणीही यावं आणि छपराखाली बसावं. तुम्हाला काय वाटतं?

शिरोलीकर

हडसनताई, विषय आमच्या पोटापाण्याचा काढलात. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आयुष्य गेलं, त्यामुळे बिडाबद्दल चार गोष्टी सांगतो.

बिडात कार्बन साधारण दोन ते चार टक्के असतो. त्यामुळे ते पोलादाच्या मानाने कमी तापमानाला वितळतं, साडेअकराशे-बाराशे अंशांच्या घरात, आणि वितळल्यावर छान वाहतं. साच्यातली बारीक पान-फुलंसुद्धा भरून निघतात. एकोणिसाव्या शतकातली सगळी नक्षीदार कठडे-खांब मंडळी बिडात का झाली, याचं कारण हेच. लाकडाचा एक चांगला पॅटर्न बनवा, वाळूत उमटवा, पाहिजे तितके खांब ओता. दगडात प्रत्येक खांब नव्याने कोरावा लागतो, इथे कोरीवकाम एकदाच.

पण बीड दाबाला दणकट आणि ताणाला कच्चं. वरून कितीही ओझं टाका, उभं राहील. आडवा दणका बसला की तडकतं. पोलाद वाकतं, तेव्हा ठोकून सरळ करता येतं. बीड वाकतच नाही, त्याचे तुकडे होतात. पॅव्हिलियन पाडला तेव्हा काय झालं असेल, ते डोळ्यांसमोर येतं.

आता दुरुस्ती. तुटलेला तुकडा साच्यासाठी वापरून नवा ओतला, तर नवा तुकडा लहान निघतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. तीन मीटरच्या खांबात तीन सेंटिमीटर गेले, मग बोल्टची भोकं जुळतील कशी? म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते. तिच्यातला फूट खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंच मोठा. जुन्या नमुन्यावरून काम करणाऱ्याला आधी तो नमुना सगळ्या बाजूंनी वाढवून घ्यावा लागतो. नक्षीच्या बारीक कामात हे फार किचकट पडतं. ज्यांनी १९७९ मध्ये हे हाताळलं, त्यांना माझा दंडवत.

मुळाक्षर

लेख आवडला, पण ताईंच्या निष्कर्षाशी सहमत होता येत नाही. एवढी मोडतोड झाल्यावर काही भाग नव्याने करावेच लागतात. जागाही मूळची नाही. घोड्यांची ट्राम तर कधीच गेली. मग १८७१ चं उरलं काय? एखादी सुंदर प्रतिकृती म्हणा, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांतली रेघ आपण पुसली, तर उद्या कुणीही जुनी वास्तू पाडेल आणि ‘तशीच बांधून देतो’ म्हणेल. पुण्यातले वाडे पाडताना हेच सांगितलं गेलं. दर्शनी भिंतीला दोन लाकडी कमानी चिकटवल्या आणि वाडा जपला म्हणाले. मला त्या वाटेची भीती वाटते.

दगडविटा

मुळाक्षर यांची भीती रास्त आहे. मी संवर्धनाच्या कामात आहे आणि रोज याच प्रश्नाशी झगडते. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे स्मारकांच्या संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, यावर स्पष्ट लिहिलं आहे. सातवं कलम म्हणतं, स्मारक त्याच्या इतिहासापासून आणि ते जिथे उभं आहे त्या जागेपासून वेगळं काढता येत नाही. ते वाचवण्यासाठी दुसरा उपायच नसेल किंवा फार मोठं राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय कारण असेल, तरच हलवावं. पंधरावं कलम पुनर्बांधणीला मुळातच नकार देतं, पण विखुरलेले मूळ तुकडे पुन्हा जुळवायला परवानगी देतं. नवे भाग कमीत कमी असावेत आणि ते नवे आहेत हे ओळखू यावं, ही अट.

पण ही सनद लिहिणाऱ्यांसमोर मुख्यतः दगडी मंदिरं, चर्च, किल्ले होते. बिडाचा निवारा वेगळ्या जातीचा आहे. तो कारखान्यात सुटा तयार होतो आणि जागेवर बोल्टने जोडला जातो. सुटा करून दुसरीकडे नेणं त्याच्या घडणीतच आहे. वाडा हलवला तर वाडा संपतो, कारण भिंत, जोतं, गल्ली, शेजार हे सगळं मिळून वाडा. पॅव्हिलियनचं तसं नाही. म्हणून १९१३ च्या आसपासचं स्थलांतर मला खटकत नाही. उलट, स्मारकाला जागा हवी म्हणून तो भंगारात गेला नाही, कुणीतरी ‘याचा अजून उपयोग आहे’ म्हणालं, याचं मला मोल वाटतं.

मोल्डचंच दुसरं उदाहरण देते. त्याच १८७१ सालात त्याने सिटी हॉल पार्कमध्ये कारंजं केलं. १९२० मध्ये ते काढून ब्राँक्समधल्या क्रोटोना पार्कला नेलं. १९९९ मध्ये दुरुस्त करून ते परत सिटी हॉलपाशी आणलं. म्हणजे एक वस्तू जाऊन परत आली, दुसरी गेली ती तिकडचीच झाली. दोन्ही निर्णय मला पटतात. कारंजं त्या चौकाच्या मध्यासाठी आखलेलं होतं. ट्रामथांब्याचा कोपरा मात्र आता मेन स्मारकाचा आहे, आणि तेही शंभर वर्षांचं झालं आहे. पॅव्हिलियन परत न्यायचा तर कुणाला हलवणार?

गिरगावकर

दगडविटाताई, सुट्या बिडाचा विषय निघालाच आहे, तर काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलची आठवण काढतो. तेही असंच, लोखंड इंग्लंडमध्ये ओतून बोटीने मुंबईला आलं आणि इथे जोडलं. हॉटेल सुरू झालं १८७१ मध्येच. म्हणजे न्यूयॉर्कच्या ट्रामथांब्याचं आणि आपल्या वॉटसनचं वय एकच. ट्रामथांबा कोसळूनही पुन्हा उभा राहिला. वॉटसनचं काय झालं? २००५ मध्ये पुढचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये शेवटच्या रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. जगातल्या धोक्यात असलेल्या वारसावास्तूंच्या यादीत नाव गेलं, परदेशी अभ्यासक येऊन पाहून गेले, आणि आपण मुंबईकर खालच्या फुटपाथवरून रोज जात राहिलो. मला हे फार लागतं.

घोड्यांच्या ट्रामबद्दल थोडं. मुंबईत ती १८७४ मध्ये आली आणि विजेची ट्राम १९०७ मध्ये. सुरुवातीला कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत धावायची.

अवनी_जर्सी

सगळे लोखंडाबद्दल बोलत आहेत, म्हणून मी बायकांबद्दल बोलते.

त्या काळच्या सेंट्रल पार्कमध्ये बायकांसाठी मुद्दाम केलेल्या बऱ्याच सोयी होत्या. व्हॉक्सने बायकांसाठी उपाहारगृह बांधलं, ते १८६४ मध्ये सुरू झालं. पुढे त्याचं ‘कॅसिनो’ नावाचं श्रीमंतांचं रेस्टॉरंट झालं आणि १९३६ मध्ये ते पाडलं. तळ्याचा पश्चिमेकडचा एक फाटा बायकांच्या स्केटिंगसाठी राखलेला होता, तो लेडीज पाँड. तो भाग नंतर बुजवला, पण बाल्कनी ब्रिजवर उभं राहिलं की कुठे होता ते कळतं. म्हणजे आजचा पॅव्हिलियन आहे तिथून जवळच. पहिल्याच हिवाळ्यात, १८५८ च्या डिसेंबरात, तळं स्केटिंगला खुलं झालं. बर्फ पुरेसा जाड झाला की लाल चेंडू वर चढवायचे आणि बातमी शहरभर पसरायची. घरकामाच्या चौकटीत जखडलेल्या बायका त्या दिवशी उघड्यावर, सगळ्यांदेखत धावत-घसरत होत्या. मला हे फार मोठं वाटतं.

वेगळं ठेवणं म्हणजे बंधनही होतं, मान्य. पण शहरात बाईला एकटीने, काही विकत न घेता, कुणाची सोबत नसताना बसता येईल अशी जागा किती महत्त्वाची असते, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. चहाचा कप समोर नसेल तर बसू द्यायची नाही, हा नियम आजही बहुतेक शहरांचा आहे. म्हणून हडसनकाठ म्हणते ते मला पटतं. खांब १८७१ चा की १९७९ चा हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. बाक कुणासाठी आहे, हा पहिला.

वाटसरू

बाक कुणासाठी, हा प्रश्न अवनी यांनी विचारला, तर तो मागेही न्यायला हवा. पॅव्हिलियनपासून थोडं उत्तरेला, ब्याऐंशी ते एकोणनव्वद रस्त्यांच्या दरम्यान, बाग होण्याआधी सेनेका व्हिलेज होतं. साधारण सव्वादोनशे माणसं, त्यातली जवळपास दोनतृतीयांश कृष्णवर्णीय. स्वतःच्या मालकीची घरं, तीन चर्च, एक शाळा. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर अडीचशे डॉलरची मालमत्ता नावावर लागायची, म्हणून या जमिनीला फार अर्थ होता. १८५७ मध्ये बागेसाठी ही वस्ती उठवली. मोबदला दिला, पण गाव मोडलं ते कायमचं. बागेचा प्रत्येक कठडा जपताना हेही त्याच पानावर लिहिलेलं असावं. आता तिथे माहितीफलक आहेत, ते वाचल्याशिवाय परत येऊ नका.

हडसनकाठ

वाटसरू, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पॅव्हिलियनला जाणाऱ्या प्रत्येकाने तसंच पुढे ब्याऐंशीपर्यंत चालत जावं. वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मुळाक्षर, तुमचा वाड्यांचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. फरक मला एवढाच दिसतो : वाडा पाडताना फायद्यासाठी पाडतात आणि नंतर आठवण म्हणून कमान लावतात. इथे मोडलेली वस्तू, जिच्यातून कुणालाही एक डॉलर मिळणार नव्हता, ती शहराची तिजोरी रिकामी असताना उभी केली. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला ट्रामथांब्याची गरज नव्हती. तरी कुणीतरी हट्ट धरला. त्या हट्टालाही मी आता या निवाऱ्याच्या इतिहासातच धरते.

मुळाक्षर

हट्टाचा मुद्दा पटला. ‘मूळ’ या शब्दावर मी अजून ठाम आहे, पण ‘जपलेला’ म्हणायला माझी हरकत नाही. एक विचारतो : आता देखभाल कशी होते? बीड गंजत नाही का?

शिरोलीकर

गंजतं तर. पोलादापेक्षा सावकाश, एवढंच. रंगाचा थर शाबूत आहे तोवर काळजी नाही. खरा शत्रू सांधा. दोन ओतीव भागांच्या फटीत पाणी शिरलं की आत गंज चढतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून ढकलतो आणि धडधाकट दिसणारा भाग फुटतो. न्यूयॉर्कसारख्या थंडीत तेच पाणी गोठतं, म्हणजे दुहेरी मार. म्हणून सांधे बुजवलेले हवेत, छपराचं पाणी वेळच्या वेळी वाहून जायला हवं, आणि पोकळ खांबात पाणी साचता कामा नये. त्या काळच्या पुष्कळ बिडाच्या बांधकामांत पावसाचं पाणी खांबाच्या पोटातूनच खाली सोडलेलं असतं. तिथे पाचोळा अडकला की खांब आतून खलास.

आणि तडा गेला तर वेल्डिंगवाल्याला थेट बोलावू नका. बिडाला आधी तापवून, निकेलचा रॉड वापरून, मग हळूहळू थंड करावं लागतं, नाहीतर वेल्डच्या शेजारीच नवा तडा. पुष्कळदा वेल्ड न करता धातूच्या पिना घालून तडा शिवून घेतात. ते जास्त सुरक्षित.

दगडविटा

शिरोलीकरकाका, हे सगळं एका कागदावर लिहून आमच्या विद्यार्थ्यांना द्याल का? मनापासून विचारते आहे. पुस्तकात गंजाचं प्रकरण असतं, पण कुठे बोट ठेवायचं ते असं कुणी सांगत नाही.

रंगाबद्दल मी भर घालते. अशा कामात रंग खरवडून टाकण्याआधी त्याचा नखाएवढा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दीडशे वर्षांचे थर एकावर एक दिसतात आणि सगळ्यात खालचा कुठला ते कळतं. व्हिक्टोरियन लोखंडकाम काळं किंवा हिरवंच असतं, असा आपला समज आहे. मोल्डसारखा रंगवेडा माणूस असेल तर तो समज आधी बाजूला ठेवावा.

पारिजात

आमच्या भाचीचं लग्न याच पॅव्हिलियनमध्ये लागलं, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना. परवाना काढावा लागतो. परवाना असला तरी बाग बंद होत नाही, लोक येत-जात असतात, आणि ते फार छान वाटतं. एक अनोळखी आजी-आजोबा बाकावर बसले होते, भाचीने त्यांना उठू दिलं नाही. ते शेवटपर्यंत थांबले.

तांदूळ, पाकळ्या उधळायला मनाई असते, त्यामुळे अक्षतांचा प्रश्न आला. गुरुजींनी तोडगा काढला, प्रत्येकाने पुढे येऊन अक्षता वधूवरांच्या ओंजळीत घातल्या. ध्वनिक्षेपकाला वेगळी परवानगी लागते, म्हणून मंगलाष्टकं तशीच म्हटली. पाच-सहा बायकांचा खुला आवाज, पाण्यावर बसलेली कासवं आणि मागे सेंट्रल पार्क वेस्टचे मनोरे. छपराखाली जेमतेम घरचीच माणसं मावली, बाकीचे खडकावर उभे होते.

हे ट्रामसाठी बांधलं होतं, हे आज इथे कळलं. भाचीला धागा पाठवला आहे.

वाटसरू

मार्च संपता संपता न्यू जर्सीतून आईवडिलांना घेऊन जायचं आहे. वडिलांच्या गुडघ्याचा त्रास आहे. सोपा रस्ता कुठला?

हडसनकाठ

जर्सीच्या ट्रेनने पेन स्टेशन, तिथून सी ट्रेन पकडून बहात्तरावा रस्ता. बागेत शिरल्यावर स्ट्रॉबेरी फील्ड्सपाशी बसायला भरपूर बाकं आहेत, तिथे एक थांबा घ्या. मग तळं उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे. शेवटचा तुकडा खडकाळ आणि उताराचा आहे, ओल असेल तर वडिलांचा हात धरा. मार्चअखेर झाडांना पानं नसतात, त्यामुळे पॅव्हिलियन लांबूनच दिसेल आणि त्यातून तळंही मोकळं दिसेल. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते.

बेथेस्डाच्या आर्केडचं छत मात्र त्याच दिवशी बघून घ्या. इंग्लंडच्या मिंटन कारखान्यातल्या पंधरा हजारांहून जास्त फरशा तिथे छताला टांगलेल्या आहेत, रचना मोल्डचीच. १९८३ मध्ये त्या पडायला आल्या म्हणून उतरवल्या आणि २००७ मध्ये परत बसवल्या. मधली चोवीस वर्षं छत उघडं होतं. त्यावर वेगळा धागा काढते आहे. त्या चोवीस वर्षांत इथे राहिलेल्या कुणाकडे आर्केडचे फोटो असतील, तर मला संदेश पाठवा, तुमच्या परवानगीने त्या धाग्यात देईन.